बाईंचे पाय

“तोंड पाण्यात घाला बाई, मी आहे ना,” चैताली म्हणाली. बाईंनी लाइफ जॅकेट पुन्हा एकदा चाचपलं. माणदेशातून मालवणच्या शाळेत आलेल्या बाईंनी निवृत्त होईपर्यंत प्रवाळ शिकवलं ते तक्त्यावरून. हा दगड नाही, जिवंत वस्ती आहे. तिच्यावर नांगर टाकू नका, पाय देऊ नका, असं घसा कोरडा करून सांगितलं. स्वतः मात्र कधी गुडघाभर पाण्यातही उतरल्या नाहीत.

पर्यटकांना समुद्र दाखवणाऱ्या या जुन्या विद्यार्थिनीने आज त्यांना हट्टाने आणलं होतं. निघताना ती पाया पडायला वाकली, तर बाईंनी नेहमीसारखे पाय मागे घेतले. “नमस्कार नको गं. शिकवलेलं लक्षात ठेव, पुष्कळ झालं.” नांगर न टाकता तिने बोट तरंगत्या बोयाला बांधली, तेव्हाच बाई भरून पावल्या होत्या.

बाईंनी डोकं पाण्यात घातलं. जांभळ्या फांद्यांतून पिवळ्या माशांचा थवा वळला. हे तक्त्यावर कुठे होतं! त्या हरखल्या आणि नाकात पाणी गेलं. जीव घाबरला. आधार शोधत पाय सरळ खाली गेले, थेट प्रवाळाच्या दिशेने.

चैतालीने बुडी मारली. बाईंचे तळवे टेकले ते तिच्या पसरलेल्या हातांवर.

दोघी वर आल्या. बाईंना धाप लागली होती. “मोडलं नाही ना गं काही?”

“काही नाही मोडलं,” चैताली हसली. “पण आज पाया पडू दिलंत, बाई.”