नाण्याचा उजेड

सिएनातल्या त्या थंडगार चर्चमध्ये पेटीत नाणं टाकलं की भिंतीच्या ओल्या चुन्यावर कधीकाळी रंगवलेल्या चित्रावर मिनिटभर दिवा लागे आणि मग पुन्हा काळोख.

"मेरीच्या झग्याखाली नऊ पोरं," नेरीनाने मोजलं, तोच दिवा गेला. तिच्या आईने, ओत्ताव्हियाने, दुसरं नाणं टाकलं.

"सातच आहेत," धाकटा लापो म्हणाला.

"गाढवा, तुला मोजता कुठे येतं?" नेरीना म्हणाली.

ओत्ताव्हियाने मोजली. सातच भरली.

दिवा विझला. काळोखात दोन चिमुकले हात अलगद तिच्या हातांत आले. ओल्या चुन्याचा मंद वास सुटला.

"घाबरलात ना?" ती हसली.

दारातल्या उन्हातून लापोने हाक मारली, "मम्मा, आम्ही दोघं इकडे आहोत. घरी चल ना."

हातातले हात घट्ट झाले आणि तिला दाराकडे ओढू लागले.