निर्मळ पाणी

नदीकाठच्या आमच्या माशांच्या हॅचरीच्या वरच्या अंगाला, नळांना क्रोमचा मुलामा देणारा कारखाना आला आणि त्याचं पाणी नदीत सुटायला लागलं. तेव्हापासून आमच्या माशांच्या अंड्यांत धडधडणारं इवलंसं काळीज मध्येच थांबायचं. जी पिल्लं बाहेर यायची, त्यांचे कणे वाकडे असायचे. सासरे कारखान्याच्या मालकाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले, तर तो चार लोकांत हसून म्हणाला, "काका, माझं पाणी निर्मळ आहे. तुमचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं!"

हॅचरी बुडाली आणि सासऱ्यांनी अंथरूण धरलं. मग त्याच मालकाने उपकार केल्याच्या थाटात मला त्याच्या बंगल्यातले शोभेचे मासे सांभाळायला ठेवलं. माशांवर त्याचा भारी जीव. परदेशातून आणलेल्या जोडीने अंडी घातली, तेव्हा नातू होणार असल्यासारखे त्याने सगळ्यांना फोन केले.

आज पिल्लं बाहेर आली. एकूण एक वाकडी. पिल्लांचं मला वाईट वाटलं, त्याचं नाही.

"टाकीत विष कालवलंस ना?" तो थयथयाट करत माझ्या अंगावर धावून आला. "थांब, आत्ताच्या आत्ता पोलिसांना बोलावतो!"

मी टेबलावरचा त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.


"बोलवा की साहेब. टाकीत तुमच्याच कारखान्याच्या, नदीत सुटणाऱ्या पाइपाचं पाणी आहे. ते विष आहे, हे पोलिसांना तुमच्याच तोंडाने सांगा."