पडद्यावरची सवत

पडद्यावर ती बाई आली आणि मंजुळेनं पदर कमरेला खोचला. हीच ती! अंगात चामड्याची चोळी, डोळ्यांवर काळा चष्मा, बुडाखाली फटफटी. अख्ख्या टॉकीजनं शिट्ट्या मारल्या. मंजुळा मागं बायकांच्या बाकड्यावर बसली होती. पुढं पुरुषांच्या खुर्च्यांत, अगदी कडेला, तिचा नवरा जानू बसला होता. आपली बायको पोलादपुराहून मागच्या एसटीनं महाडला आलीय, याचा त्याला पत्ता नव्हता.

‘थांब मेल्या,’ ती मनात म्हणाली. ‘दिवे लागू देत, मग बघते तुला.’

मुंबईत गिरण्यांचा संप लागला, तसा जानू वाडीवर परत आला. संप मिटेना. गिरणीचं टाळं निघेना. मंजुळेला आधी बरंच वाटलं होतं. लग्न झाल्यापासून नवरा मिळायचा तो शिमग्याला आणि गणपतीला, तोही पाव्हण्यासारखा. आता अख्खा घरात होता. पण कसला अख्खा! देह इथं आणि जीव भलतीकडं. पहाटे दचकून उठायचा, सदऱ्याची बटणं लावायचा आणि मग तसाच अंथरुणावर बसून राहायचा. विचारलं तर म्हणायचा, “काय नाय गो. नीज तू.”

याला काय नाय म्हणतात होय? मंजुळेला कळायचं ते कळलं. मुंबईत कुणीतरी ठेवलेली असणार! त्याचा गिरणीत न्यायचा डबा खुंटीला लटकत होता. तिनं रागारागानं तो काढला आणि त्यात सुक्या मिरच्या भरून टाकल्या.

मग जानू महाडला जायला लागला. “काम बघतो,” म्हणायचा. एक दिवस शेजारची ठमाबाई पाण्याची कळशी उतरवायच्या आधी बातमी घेऊन आली.

“मंजुळे, तुजा नवरा बाजारात दोन ओझी उचलतो आन् सरळ टॉकीजमधी जाऊन बसतो गो. इंग्लिश पिक्चर हाय. दुनिया बुडाल्यावरचा. त्यात एक बाई हाय म्हनं. तिच्यापायी महाडची पोरं खुळी झाल्यात.”

मंजुळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मुंबईची सटवी दिसायला अशीच असणार. उगाच का हा रोज दर्शनाला जातो!

म्हणून ती आज आली होती. पिक्चरमध्ये दुनिया जळून गेली होती. शहरं ओस पडलेली, विहिरी कोरड्या, आणि माणसं एका डबाभर तेलासाठी एकमेकांच्या अंगावर गाड्या घालत होती. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण कुणाचं काही अडत नव्हतं. गाडी उलटली की टॉकीज ओरडायची. एकदा मंजुळाही ओरडली आणि मग स्वतःवरच चिडली. ती काय मजा बघायला आली होती? ती नवऱ्याचं तोंड बघायला आली होती.

आणि नवरा बघतो कुठं, तर खाली! त्या बाईनं फटफटी आगीवरून उडवली, पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, आणि जानू शेंगा सोलत होता. बाईनं चष्मा काढून केस मोकळे सोडले. जानूनं जांभई दिली. मंजुळा चक्रावली. अरे, मग हा येतो तरी कशाला?

शेवटची मारामारी झाली. दुष्ट माणूस मेला. लोक उठायला लागले, कारण आता बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. जानूनं मात्र शेंगा खिशात टाकल्या आणि ताठ बसला. पडद्यावर एक मोडका कारखाना होता. जगली-वाचलेली माणसं तो झाडत होती, पुसत होती. एका म्हाताऱ्यानं दांडा ओढला. चाक हललं. पट्टा फिरायला लागला. धुराड्यातून काळा धूर निघाला आणि भोंगा झाला. टॉकीजचे पत्रे थरथरले.

जानू उठून उभा राहिला. त्यानं सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली. मग त्याचा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर गेला, काहीतरी उचलायला. हात नुसताच चाचपडत राहिला.

दिवे लागले. मंजुळेचा खोचलेला पदर आपोआप सुटला. जानू वळला आणि तिला बघून चोरासारखा झाला.

“तू? हितं?”

“तुमची कोन ती बघाया आलेली.”

“कोन?” त्याला खरंच कळेना. त्यानं कोऱ्या पडद्याकडं बोट दाखवलं. “भोंगा ऐकलास गो? आमचा अस्साच व्हता. दुनिया बुडाली, तरी त्यांचा चालू झाला बघ.”

परतीच्या एसटीत मंजुळा खिडकीकडं तोंड करून बसली. आतून नुसती जळत होती. बाई असती तर झिंज्या धरून फरफटत आणली असती. गिरणीच्या झिंज्या कुठं धरायच्या? हा शिमग्याला यायचा तोसुद्धा तिच्याकडनं रजा काढून, आणि रजा संपली की धावत तिच्याकडं. शिवाय गिरणी लग्नाच्या आधीची. म्हणजे सवत म्हणायची तर मंजुळाच!

सकाळी जानू महाडला निघायला उंबऱ्यात चपला घालत होता. तिनं मिरच्या सुपात ओतल्या. डबा राखेनं लख्ख घासला, दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी भरली, झाकण दाबून लावलं आणि त्याच्या हातात दिला.

जानू डब्याकडं बघतच राहिला. “आज कशाला?”

“घेऊन जा,” मंजुळा म्हणाली. “भोंगा झाल्यावर हात रिकामा दिसला, तर त्या गिरणीला वाटंल, तुमाला बायकोच नाय.”