पंचावन्न सालचा सेंट

“मागची बाजू आधी, ईरा. कितीदा सांगितलं?”

दहा वर्षांच्या नातीनं तांब्याचा अमेरिकन सेंट उलटा केला. भिंगाच्या दिव्याखाली गव्हाच्या दोन ओंब्या चमकल्या. “क्लीन आहे, आजोबा.”

“आता पुढची. टाकसाळीत ठसा घडवताना चूक झाली, म्हणून पंचावन्न सालच्या काही सेंटांवर आकडे आणि अक्षरं दोनदा उमटली. पण पुढच्या बाजूलाच. दोन्हीकडे दुहेरी दिसलं तर?”

“तर ते आपलं नाणं नाही. आय नो!”

उल्हास हसले. चहाचा मग त्यांनी टेबलाच्या अगदी कडेला टेकवला. ईरानं तो गुपचूप आत सरकवला.

टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या त्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी त्यांचा वर्ग भरे. नील लेकीला घेऊन वॉनहून येई आणि वर बसून फोन करत राही. आजचे फोन सीनियर होमला होते. गेल्या आठवड्यात गाडी रिव्हर्स घेताना उल्हासनी शेजाऱ्यांची पत्रपेटी आडवी केली होती. नव्या चष्म्यानं अंदाज चुकला, असं ते म्हणाले. गाडीची किल्ली तेव्हापासून नीलच्या खिशात होती.

“तुम्हाला खरंच जावं लागणार?” ईरानं विचारलं.

“तुझ्या बाबाला वाटतं, मला आता नीट दिसत नाही.” उल्हासनी बरणीतून पुढचं नाणं काढलं. “चाळीस वर्षं ही नजर...”

ते थांबले. भिंगावर आणखी वाकले.

साल पंचावन्न. आणि शेवटच्या दोन पाचांना चिकटून, जरासे सरकलेले, आणखी दोन पाच. वरची अक्षरंही तशीच.

“नील!” त्यांचा आवाज फाटला. “नील, खाली ये!”

नील जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबला. हातात फोन होताच.

“सापडला. चाळीस वर्षांत पहिला.”

“बाबा, मला यातलं काय कळतंय? किती मिळतील?”

“हजार डॉलरच्या वर, सहज. पण मला विकायचाच नाही. माझी नजर शाबूत आहे, एवढं कबूल कर.”

नीलनं कपाळ चोळलं. “ईरा, तुला दिसतंय डबल?”

ईरा दिव्याखाली वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग तिनं बाबाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं.

“येस,” ती म्हणाली. “डबल आहे.”

“बघ! पोर खोटं बोलेल?”

“ठीक आहे. तुमच्या नाण्यांच्या क्लबच्या पुष्करकाकांना बोलावतो. ते हो म्हणाले, तर होमचा विषय बंद. प्रॉमिस.” नील वर गेला.

उल्हास खुर्चीत मागे टेकले. सकाळपासून दुखणारं डोकंही हलकं वाटू लागलं. त्यांची बायको, प्रभा, असती तर आज शिरा केला असता तिनं. पुढच्या शनिवारी वर्ग इथंच, या टेबलावर. त्यानंतरच्याही.

ईरा टेबलापासून सरकत जिन्याच्या पायरीशी जाऊन उभी राहिली होती.

“आजोबा,” ती हळूच म्हणाली, “पुष्करकाका नाहीच म्हणाले तर?”

“का म्हणतील? तू स्वतः पाहिलंस ना?”

तिनं टेबलावरच्या नाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “मागची बाजू बघितलीत?”

उल्हासना हसू फुटलं. दर शनिवारी हिला सांगतो, आणि आज स्वतःच विसरलो! त्यांनी चिमट्यानं नाणं अलगद उलटं केलं, दिवा जवळ ओढला.

ओंब्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

चार.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि सावकाश मान वर केली. पायरीशी ईरा उभी होती, ओठ घट्ट मिटून, डोळे भरलेले. तिला चिकटून, जराशी सरकलेली, आणखी एक ईरा उभी होती.