सहीवरची ओळ

पाळणाघर अचानक बंद निघालं, म्हणून संग्रहालयातल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या तिने पाच महिन्यांच्या लेकीला कामावरच आणलं होतं.

रखवालदारकाका टेबलाखालच्या टोपलीत डोकावले. "ताई, हिची नोंद कुठल्या खान्यात करायची?"

"हळू बोला हो काका. कागद सळसळला तरी उठते ती."

काका हसत बाहेर गेले. तिने एका लोकगीतकाराच्या गाण्यांच्या रेकॉर्डचं कव्हर पेटीतून काढलं. गीतकार जाऊन तीस वर्षं झाली होती. कव्हरवर त्याची सही होती. दरवर्षी त्या सहीवर, आदल्या वर्षी ट्रेसिंग पेपरवर उतरवलेली सहीची प्रत ठेवायची आणि शाई किती उडाली ते पाहायचं, एवढंच काम.

सही तंतोतंत जुळली. पण सहीच्या वर, प्रतीत जिथे काहीच नव्हतं तिथे, त्याच अक्षरात एक ओळ होती.

गेल्या वर्षी आपल्याच हातून उतरवायची राहिली असेल, असं स्वतःला समजावत तिने बोट टेकवलं. पांढऱ्या हातमोज्याला निळा डाग लागला. शाई ओली होती.

‘माझी अंगाई संपेपर्यंत न उठणाऱ्या छकुलीस, सप्रेम.’

लेकीचं हे लाडाचं नाव घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

"छकुले?" तिने लेकीला उचललं, गालाला गाल लावला, गदगदा हलवलं, ओरडून हाका मारल्या. धावत आलेल्या काकांनी कानाशी टाळ्या वाजवल्या. छकुली शांत श्वास घेत झोपलेलीच राहिली.

खोलीत कसलाही सूर नव्हता. तिचा इवलासा पाय मात्र एका संथ ठेक्यावर हलत होता.