समुद्राला दिलेली वाटी

“हे तुमच्याच लोकांचं काम ना गं?”

ओल्या टॉवेलमधून भोपळ्याची वाटी काढून त्या बाईने शितैमाच्या पुढ्यात धरली.

समुद्रकाठच्या सान ब्लास गावाच्या चौकात, चर्चच्या सावलीला शितैमा बसली होती. मांडीवर सहा वर्षांची कुपिमा, शेजारी म्हातारा बाप शाउरेमे. डोंगरातल्या त्यांच्या आदिवासी गावाकडे जाणारी गाडी तासाभराने सुटायची होती. वाटी बघितली आणि शितैमाने पोरीला घट्ट जवळ ओढलं.

आज सकाळीच तर तिने ती पांढऱ्या खडकापाशी हारामारा आईच्या, समुद्राच्या ओटीत घातली होती. आतून मेणाचा थर, मेणावर एकेक करून दाबलेले मणी. निळं हरीण, मक्याची कणसं आणि मधोमध लाल झग्यातली कुपिमा. पोरीचा ताप चार महिने हटत नव्हता. दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. शाउरेमे गावचा वैद्य, त्याने आगीपुढे बसून गाणीही म्हटली. शेवटी तो म्हणाला, “आता हिला समुद्राच्या हवाली कर. सांभाळली तर तीच माय सांभाळेल.”

“खडकाच्या कपारीत सापडली!” बाई सांगत होती. तिचं नाव ग्रासिएला. “चार दिवस सुट्टीला आलोय आम्ही. पोहायचं, मासे खायचे, झोपायचं. आज ही दिसली आणि मी मटकन खालीच बसले बघ. आपल्याच देशात असलं काही करतात आणि मला पन्नास वर्षांत पत्ता नाही!” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“सापडली नाही, बाई.” शितैमाचं स्पॅनिश तोकडं होतं. “ती दिलेली होती. समुद्राला.”

“अगं, पण दोन लाटांत फुटून गेली असती!”

“फुटायलाच ठेवली होती,” म्हातारा आपल्या भाषेत फणकारला. “आता समुद्राने हिला विचारून जेवायचं!”

“काय म्हणतात आजोबा?”

“परत ठेवा म्हणतात.”

ग्रासिएलाचा चेहरा उतरला. “म्हणजे तुझी आहे का ही? अगं मग आधी नाही का सांगायचं! घे बाई, घे.” तिने दोन्ही हातांनी वाटी पुढे केली.

शितैमाचे हात आपसूक उचलले गेले.

“हात लावशील तर खबरदार!” बाप कडाडला. “दिलेलं लेकरू परत मागून घेणार? जिने उचलली तिनेच नेऊन ठेवायची.”

हात तसेच हवेत राहिले.

“तुम्हीच ठेवा ना, बाई. जिथून घेतली तिथेच. पाया पडते.”

चौकाच्या पलीकडून हॉर्न वाजला. एका बसच्या दारात ग्रासिएलाचा नवरा उभा होता. “ग्रासिएला! बस तुझ्यासाठी थांबलीय, विमान नाही थांबणार!”

“ऐकलंस ना? आता कशी जाऊ मी?” ग्रासिएला कासावीस झाली. “तू घेतही नाहीस, मला ठेवताही येत नाही. मी जपेन हिला. काचेच्या कपाटात ठेवीन. शपथ!”

शितैमाने बापाकडे बघितलं. गावात कुणाचंही काही अडलं तर ह्याच्याकडे उत्तर असायचं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

वाटीतली मुलगी कोण ते सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण बाई भेदरली असती. भेदरून वाटी इथेच, कुठल्यातरी बाकाखाली टाकून पळाली असती.

“मग ऐका, बाई. नीट ऐका. उन्हात ठेवू नका. अंधारात कोंडू नका. कपाटाचं दार थोडं उघडं असू द्या, गुदमरायला होतं. नवा मका आला की पहिला दाणा आत ठेवा. वर्षातून एकदा समुद्राचं पाणी शिंपडा. आणि येता-जाता बोला तिच्याशी. कुठल्याही भाषेत चालेल.”

ग्रासिएला फोनवर भराभर टिपून घेत होती. एक शब्द सुटला तर तिने पुन्हा विचारून घेतला.

“किती जीव लावता गं तुम्ही वस्तूंना!” पुन्हा हॉर्न वाजला. ती दोन पावलं गेली आणि वळली. “आणि समजा, एखाद्या वर्षी विसरले तर? रंग उडेल का?”

कुपिमाच्या गालावर चिलटं बसली होती. पोरीने ती हाकलली नाहीत. शितैमाने तिचं तापलेलं कपाळ आपल्या डोक्यावरच्या रुमालाने झाकलं.

“हो, बाई,” ती म्हणाली. “रंग उडेल.”