टॉवेलभर उंची
जहाजाच्या वरच्या डेकवर, आरामखुर्च्यांच्या कोपऱ्यात शिरताना आजोबा दारातच थबकले. ‘फक्त मोठ्यांसाठी’ ही पाटी त्यांनी अक्षरं जुळवत वाचली आणि आजींचा हात ओढला. “आई, मला नाही सोडणार आत!” हल्ली ते बायकोला आईच म्हणत. आजींचा चेहरा पडला. घटकाभर टेकायला मिळेल म्हणून त्या एवढे जिने चढल्या होत्या. दाराशी टॉवेल वाटणाऱ्या बाईंनी आजवर कितीतरी हट्टी पोरांना इथून पिटाळलं होतं. हे पोर मात्र ऐंशीचं होतं. “ताठ उभं राहायचं हं!” म्हणत त्यांनी टॉवेल आजोबांच्या डोक्यापासून खाली सोडला. “बघा, गुडघ्यापाशीच संपला! तुम्ही मोठे झालात की.” आजोबा ऐटीत आत शिरले. मग त्यांनी आजींना खुर्चीवर हलकेच निजवलं, तोच टॉवेल त्यांच्या अंगावर घातला आणि थोपटत म्हणाले, “झोप तू आता. मी मोठा झालोय ना.”